अनुक्रमणिकेतली दुर्गाबाई

दैवशालाने कुणाला मारलं असं कळलं की आमच्या प्रेसमध्ये कुणी दचकत नाही. "आता काय झालं?" एवढंच विचारतात, आणि बहुतेक वेळा मार खाणाऱ्याचीच चूक निघते. मी शिक्षिका होते, सगळं आयुष्य मुलांना मारू नये असं सांगण्यात घालवलं, तरी दैवशालाच्या बाबतीत मी हे लिहिते आहे. कुणाला पटणार नसेल तर न पटो.

जालन्यात बाजारातल्या एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आमची प्रेस आहे. मालक रामप्रसाद, स्वभावाने गरीब, आवाज चढला की पाण्याचा ग्लास शोधणारा. मी तिथे मुद्रितं तपासते. दैवशाला संगणकावर पुस्तकांची मांडणी करते. चाळिशीची बाई, अंगाने काटक, हातात कायम स्टीलची लांब पट्टी. पट्टीने ती ओळींमधलं अंतर मोजते आणि गिऱ्हाइकांना धाकात ठेवते.

तिच्या कामाची एक रीत आहे. मजकुरातल्या प्रत्येक तुकड्यावर ती आधी खूण चढवते. हे प्रकरणाचं नाव, हे उपशीर्षक, हा साधा मजकूर, ही कविता, ही तळटीप. खूण कागदावर दिसत नाही, ती संगणकाच्या पोटात असते. मग त्या खुणेला कोणतं रूप द्यायचं, अक्षर मोठं की बारीक, ठळक की साधं, ते नंतरचं काम. "आधी ते काय हाय ते सांगा," ती गिऱ्हाइकांना सांगते, "मंग कसं दिसावं ते बघू." लोकांना हे कळत नाही. त्यांना फक्त दिसणं कळतं.

एका कवीला तर बिलकुल कळलं नाही. त्याने आपला संग्रह स्वतःच टाइप करून आणला होता. कवितांची नावं मधोमध यावीत म्हणून मोकळ्या जागेचं बटण बडवत बसला होता, आणि नावं मोठी दिसावीत म्हणून हातानेच अक्षरं फुगवली होती. एकाही नावावर खूण नव्हती. अनुक्रमणिका तर यंत्र आपोआप बनवतं. प्रकरणाच्या नावाची खूण जिथे जिथे असेल तिथून ओळ उचलतं, पान क्रमांक लावतं आणि यादी मांडतं. त्याच्या संग्रहाची अनुक्रमणिका कोरी आली. कवी भडकला. "बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं," म्हणाला.

दैवशालाने कीबोर्ड उपसला आणि त्याच्या कपाळावर घातला. बटणं जिन्यावरून खाली बियाण्याच्या दुकानापर्यंत गेली. कवीच्या भुवईवर टाके पडले, रामप्रसादने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि परत येऊन पाहतो तर दैवशाला नवा कीबोर्ड लावून त्याच कवीच्या कवितांवर एकेक खूण चढवत बसलेली. आजही तो कवी आमच्याकडेच येतो. भुवई चोळत येतो, पण येतो.

हा राग तिच्यात कुठून आला ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्या आईचं नाव दुर्गाबाई. माहेर बदनापूरच्या पलीकडे, काळ्या रानाचं. दुर्गाबाईला भाऊ एकच, रामकिसन. बाप वारल्यावर रामकिसनने बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा वाटा भावाला सोडून द्यायचा, वर हसतमुखाने माहेरचं लुगडं घ्यायचं. आमच्याकडे बहिणी मुकाट्याने सही करतात. दुर्गाबाईने केली नाही.

दैवशाला तेव्हा दुसरीत होती. दिवाळीला आईबरोबर मामाच्या गावी गेली होती. त्या दिवशी ती रानात कडब्याच्या गंजीमागे खेळत होती, आणि तिथून तिने सगळं पाहिलं. मामाने आईला केसांना धरून विहिरीपर्यंत ओढत आणलं. अंगठा धरून कागदावर दाबायला लागला. आईने त्याच्या उजव्या हाताचा, अंगठ्याखालचा मांसल भाग दातात धरला आणि सोडलाच नाही. तो गुरासारखा ओरडला. मग त्याने डाव्या हाताने मोटेच्या चाकाजवळची लोखंडी कांब उचलली आणि आईच्या डोक्यात घातली. एकदा घातली, दात सुटले नाहीत. पुन्हा घातली. तोंड उघडलं तसं त्याने तिला विहिरीत ढकललं.

हे पाहणारी आणखी एक बाई तिथे होती. रामकिसनची बायको, मालनबाई. ती भाकरी घेऊन रानात आली होती. टोपलं डोक्यावर तसंच ठेवून उभी राहिली. दैवशालाच्या डोळ्यांपुढे आई जितकी आहे तितकंच ते टोपलंही आहे.

पाय घसरला, असं सगळ्यांनी सांगितलं आणि कागदोपत्रीही तसंच लागलं. दैवशालाचा बाप कल्याण जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. मेव्हण्याला तो इतका भ्यायचा की पोरीने आईचं नाव काढलं की तिचंच तोंड फोडायचा. पट्ट्याने मारायचा, लाथांनी मारायचा. ती मोठी झाली, एके दिवशी तिने तोच पट्टा हिसकून त्याच्या पाठीवर ओढला, आणि मग घरातली मारहाण थांबली. आईचं नाव मात्र त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. बाप गेला तेव्हाही ते न उच्चारताच गेला.

रामकिसनरावांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ आमच्या प्रेसमध्ये आला तो मला यातलं काही माहीत नसताना. घेऊन आला त्यांचा मुलगा राधेश्याम. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, बोलताना टेबलावर किल्ल्या आपटायची सवय. त्याने दैवशालाला ओळखलं नाही. तिने त्याला ओळखलं. तिने मजकूर घेतला आणि ती खुणा चढवायला बसली. मला तिचं गप्प बसणं बरं वाटलं नाही.

ग्रंथात सगळं होतं. संस्कार, शेतीतले प्रयोग, सोसायटीतली वाटचाल. आणि एक प्रकरण होतं, "लांडग्याशी झुंज". ऐन उमेदीत रामकिसनरावांवर रानात लांडग्याने झडप घातली, त्याने उजव्या हाताचा लचका तोडला, तरी ते नुसत्या हाताने लढले, वगैरे. हाताचा फोटोही होता. अंगठ्याखाली अर्धगोल वण. दैवशाला तो फोटो पडद्यावर मोठा करत गेली, करत गेली, शेवटी पडदाभर वण झाला. मग तिने मला सगळं सांगितलं. बोलताना तिचा आवाज हलला नाही.

राधेश्याम दुसऱ्यांदा आला तेव्हा ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या वडलांना एक बहीण होती. ती कुठंय यात?"

"कोण बहीण?"

"दुर्गाबाई. मी तिची पोरगी. माझ्या आईचं नाव पायजे यात. लोकांना दिसंल असं पायजे."

राधेश्यामने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कानाखाली वाजवली. इतक्या सहज, की त्याला त्यात काही वावगं वाटलं नसणार. दैवशालाने पट्टी फिरवली. त्याच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत लाल रेघ उठली आणि पांढऱ्या कपड्यांवर थेंब पडायला लागले. त्याने तिचं डोकं धरून पडद्यावर आपटलं. काच तडकली. तिने त्याच्या पोटात गुडघा घातला. मी ओरडत होते, रामप्रसाद मध्ये पडायला गेला आणि त्यालाच कोपर लागून त्याचा चष्मा गेला. खालच्या दुकानातले हमाल वर आले तेव्हा कुठे ती दोघं सुटली.

"हात तोडीन तुझे," राधेश्याम जिन्यातून ओरडला, "एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं ना!"

मला वाटलं, आता काम दुसरीकडे जाणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः रामकिसनराव आले. मुलाला खाली उभं करून एकटे जिना चढून वर आले. उंचापुरा म्हातारा, फेटा, हातात काठी. दैवशालाच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला. वण वर.

"तुझ्या आईचं नाव पायजे म्हणं. देऊ ना. काऊन नाही देणार? टाइप कर. माझ्यासमोर."

ती बसली. कपाळावर पट्टी बांधलेली होती.

"लांडग्याचं प्रकरण संपतं ना, तिथं घाल. लिही. त्याच सुमारास धाकटी बहीण दुर्गाबाई विहिरीत पाय घसरून पडली व वारली."

तिची बोटं बटणांवर थांबली. म्हातारा हसला.

"लिही. जल्दी."

तिने लिहिलं. एकेक अक्षर बटण दाबल्याचा आवाज करत पडद्यावर उमटलं. "परिच्छेद वेगळा करू का?" तिने विचारलं. हा प्रश्न ऐकून मला रडू आलं.

"कर वेगळा," म्हातारा म्हणाला. "आता छापील झालं बघ. छापलेलं खरं असतं. तुझ्या हातानंच झालं, बराबर?" जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोच वणाचा.

तो गेल्यावर तिने ते वाक्य निवडलं आणि कुठेतरी एक बटण दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही. तेच अक्षर, तोच आकार, इतर मजकुरासारखंच. मी विचारलं, "काय केलंस?" ती म्हणाली, "काय न्हाई बाई. काम करून राह्यले."

पुढचे दिवस राधेश्यामने पहारा दिला. छापून आलेलं प्रत्येक पान तो माझ्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्यायचा. फेट्याचा रंग, पुढाऱ्यांच्या नावामागची पदं, फोटोंचा क्रम, सगळं त्याने पुन्हा पुन्हा तपासलं. त्या वाक्यात एक काना इकडचा तिकडे नव्हता. त्याने ते बोट ठेवून वाचलं आणि समाधानाने मान हलवली. दिसणं तपासणारी माणसं दिसणंच तपासतात.

आणि पहिला फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा पहिला संच, राहिला. पुस्तकाची सुरुवातीची पानं, शुभेच्छा, संपादकीय, अनुक्रमणिका, हा फर्मा सगळ्यात शेवटी छापायची सगळीकडचीच पद्धत आहे. त्यात प्रमुख पाहुणा ठरेना. एक कबूल व्हायचा, दुसरा रुसायचा, मग पहिला नाही म्हणायचा. शुभेच्छांचं पान रोज बदलायचं. शेवटी एक माजी सभापती नक्की झाले ते समारंभाच्या दिवशी सकाळी. राधेश्याम फोनवर ओरडला, "छापा आता, नाव तेवढं बराबर टाका!" दैवशालाने नाव टाकलं, यंत्राला अनुक्रमणिका बनवायला सांगितली आणि पानं छपाईला सोडली. बाइंडिंगवाल्यांनी ओल्या डिंकाची पुस्तकं गठ्ठ्यात बांधली. ते गठ्ठे टेंपोत घालून आम्ही बदनापूरला गेलो. टेंपोत दैवशाला माझ्या शेजारी बसली होती, एका गठ्ठ्याची सुतळी दोन्ही हातांनी धरून.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. मंचावर रामकिसनराव, बाजूला राधेश्याम, गालावरच्या खपलीवर पावडर लावलेला. मागच्या खुर्चीवर मालनबाई, डोक्यावरून पदर, मांडीवर सत्काराची शाल. दैवशाला बापलेकांकडे पाहत नव्हती. ती फक्त मालनबाईकडे पाहत होती.

पुस्तकाचं प्रकाशन झालं, फीत सुटली, टाळ्या झाल्या, आणि माजी सभापती बोलायला उभे राहिले. आमच्याकडचे प्रमुख पाहुणे पुस्तक वाचून येत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. ते माइकसमोर पुस्तक उघडतात, अनुक्रमणिका काढतात आणि तीच वाचत भाषण करतात. या सभापतींनीही तेच केलं.

"बघा, केवढं मोठं आयुष्य! बालपण आणि संस्कार, पान सात. काळ्या आईची सेवा, पान एकोणीस. लांडग्याशी झुंज, पान एकतीस, वा! त्याच सुमारास धाकटी बहीण दुर्गाबाई विहिरीत पाय घसरून पडली व वारली, पान त्रेचाळीस..."

सभापतींच्या लक्षात यायला वेळ लागला. लोकांच्या आधी आलं. कर्ण्यांतून ते वाक्य आवारात, आचाऱ्यांपर्यंत, बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलं होतं. प्रत्येकाच्या हातात पुस्तक होतं आणि प्रत्येकजण तेच पान उघडत होता. कागद फडफडण्याचा आवाज मी ऐकला. आत पानावर ते वाक्य साधंसुधं, बारीक अक्षरांत, जिथल्या तिथे होतं. पण रूप तेवढं साध्या मजकुराचं ठेवून पोटातली खूण तिने प्रकरणाच्या नावाची दिली होती, आणि यंत्राने ती इमानदारीने उचलून यादीत मांडली होती. लांडग्याच्या खालोखाल.

रामकिसनराव उठले. माइक हातात घेऊन म्हणाले, "छपाईची चूक आहे. ह्या जालन्याच्या प्रेसवाल्यांनी..."

"चूक न्हाई."

मागून आवाज आला. मालनबाई उभी होती. शाल खाली पडली होती.

"चूक न्हाई. लांडगा बी न्हवता. रानात त्या टायमाला लांडगा कुठला? दुर्गानं चावलं व्हतं. तुमच्या हाताला हळद म्या भरली."

रामकिसनरावांनी मागे वळून काठी उचलली आणि बायकोच्या तोंडावर मारली. सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर. ती पडली. दात पडला, पदर रक्ताने भरला. ते पुन्हा काठी उगारतच होते. सवयीचा हात होता तो, घरातल्यासारखा चालला होता.

दैवशाला मंचावर कधी चढली ते मला दिसलंच नाही. तिने म्हाताऱ्याचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि वर केलं. "बघा!" ती ओरडली, "माझ्या आईचे दात हायत हे! बघून घ्या!" राधेश्यामने लोखंडी खुर्ची तिच्या पाठीत घातली. ती गुडघ्यांवर आली, तरी मनगट सोडेना. त्याने पुन्हा मारली. ती पडली तेव्हा त्याने तिचा उजवा हात मंचाच्या फळीवर दाबला आणि बुटाच्या टाचेने बोटांवर उभा राहिला. "बोललो व्हतो ना तोडीन म्हणून!" हाडं मोडल्याचा आवाज माइकमधून आला. मग लोक चढले. कोण कुणाला मारत होतं ते सांगता येणार नाही. मी हातातला ग्रंथ राधेश्यामच्या डोक्यात घातला एवढं मला आठवतं, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

मालनबाईने ठाण्यात जबाब दिला. जुनं प्रकरण नव्याने उघडलं. बापलेक दोघे आत आहेत, पुढचं कोर्ट बघेल. मालनबाईला त्या घरात परत जायचं नव्हतं. दवाखान्यातून तिला दैवशालानेच आपल्या खोलीवर नेलं. कशाला नेलं हे तिने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मागच्या रविवारी मी तिला बघायला गेले. उजव्या हाताची दोन बोटं आता वाकणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. चुलीवर भाकरी होती. मालनबाई वाटीत हळद कालवून आली आणि खाली बसून दैवशालाचा हात हातात घेऊ लागली.

दैवशालाने वाटी उडवली. भिंत पिवळी झाली.

"ती हळद त्याच्या हाताला भरलीस तू! तू उभी होतीस तिथं. टोपलं घेऊन उभी होतीस. माझ्या आईचं डोकं फुटून राह्यलं व्हतं अन् तू टोपलं सांभाळत होतीस!"

तिने डावा हात उगारला. हा हात खाली येणार हे मला माहीत होतं. तो खाली आला नाही असं मी कधी पाहिलेलं नाही. मालनबाई हलली नाही. तिने हात आडवा धरला नाही, तोंड फिरवलं नाही. फक्त डोळे मिटले आणि मार घेण्यासाठी गाल थोडा पुढे केला, आयुष्यभर करत आली होती तसा.

दैवशालाने तो गाल पाहिला. तिचा हात हवेत थांबला. मग ती खाली बसली, मालनबाईच्या मांडीवर डोकं आपटलं आणि मोठ्याने, घाणेरड्या आवाजात रडायला लागली. आई गेल्यापासून तिला रडायची कुणी मुभा दिली नव्हती. मालनबाईने डोळे उघडले आणि दबकत, हात भाजेल अशा भीतीने, तिच्या केसांवर बोटं ठेवली.

चुलीवरची भाकरी तेवढ्यात करपली होती. दोघींनी तीच खाल्ली, आणि मलाही एक तुकडा दिला.